रात्री दहाची बिजागरी

(हार्डवेअरच्या दुकानामागचं गोदाम. दुपार. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांची वर्दळ ऐकू येते आहे.)

वडील : टाक ना मग. कधीची नुसती फोन हातात धरून बसली आहेस.

लेक : टाकते हो बाबा. इथे आत रेंज येत नाही.

वडील : आत्ता कुणाचा तरी व्हिडिओ बघून खुदुखुदू हसत होतीस, तेव्हा येत होती रेंज?

लेक : मग रात्री दहालाच टाकू. रोजच्या वेळेला.

वडील : तेच तर बदलायचंय. रात्री दहा ही काय वेळ झाली? दिवसभर दमलेली माणसं ती. आपण दिवसाच टाकू. आणि हा भाग काही नेहमीसारखा नाही. सुरुवात ऐकलीस का?

लेक : ऐकली.

वडील : हातोडा पत्र्यावर! ठाण् ठाण् ठाण्! आणि लगेच मी, ‘दार उघडा मंडळी, दार उघडा!’ मग तो कुलपाचा विनोद, मग पुन्हा हातोडा. कसं वाटलं?

लेक : मोठं वाटलं.

वडील : मोठंच हवं. साडेचार हजार माणसं आहेत आता चॅनलवर. अगं, सुरू केलं तेव्हा कोण होतं? तू, तुझी आई, दोन आत्या, आणि तो एक प्लंबर, तोही चुकून आलेला. लोक वाढलेत तर आपणही वाढायला नको? ‘तर मंडळी, बिजागरीचे मुख्यतः सात प्रकार’ हे किती दिवस चालणार?

लेक : बाबा, लोकांना तेच आवडतं.

वडील : तुला काय माहीत? चॅनलवर तर कुणाला उलट बोलताही येत नाही. म्हणजे मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू. मधेच कुणी तोडत नाही, कुणी निघून गेलं तरी त्याची पाठ दिसत नाही. पण त्यांच्या मनातलंही कळत नाही ना. फक्त ते इमोजीचे पिवळे चेहरे टाकतात खाली. तो डोळे मिटलेला चेहरा सगळ्यात जास्त येतो बघ.

लेक : हो. तो येतो.

वडील : दर्दी माणूस डोळे मिटूनच ऐकतो. मी तुझ्या काकाला दाखवलं काल. म्हटलं, हे बघ. तुझी गिऱ्हाइकं पाना मागतात, पाना घेतात आणि चालू पडतात. माझी माणसं डोळे मिटून बसतात.

लेक : काका काय म्हणाले?

वडील : काय म्हणणार? खिळे मोजायला लागला. याच तोंडानं म्हणाला होता ना मला, ‘दादा, तू आत गोदामातच बस. तू पितळ आणि लोखंड सुरू केलंस की आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.’ स्वतःच्या दुकानात पडद्यामागे बसवलं मला. तुला सांगतो पोरी, त्या दिवशी घरी जेवण गेलं नव्हतं मला. आता उद्या तो हा नवा भाग ऐकणार आहे. काउंटरवर, सगळ्यांसमोर लावतो म्हणालाय. म्हणून म्हणतो, टाक.

लेक : काउंटरवर? अहो बाबा, नको.

वडील : का नको?

आई : (चहा घेऊन आत येत) घ्या, चहा. आणि मघाशी कसला आवाज होता तो? माझ्या हातून कप निसटणार होता. मला वाटलं फळी कोसळली तुमच्या अंगावर.

वडील : फळी नाही. नवा भाग आहे तो. ऐक पुन्हा, लावतो.

आई : अगं बाई! बंद करा, बंद करा ते! आणि हे तुम्ही चॅनलवर टाकणार? साडेचार हजार माणसं ताडकन उठून बसतील अंथरुणात. कुणाचं लेकरू रडेल, कुणाची म्हातारी सासू घाबरेल. शिव्या घालतील तुम्हाला.

वडील : अंथरुणात कशाला असतील माणसं?

आई : मग कुठे असतील? झोपायला दुसरीकडे कुठे जातात?

लेक : आई...

आई : काय आई? अगं, तू सांगितलं नाहीस यांना अजून?

वडील : काय सांगायचं होतं?

लेक : काही नाही बाबा, तुम्ही चहा घ्या.

वडील : चहा राहू दे. काय सांगायचं होतं?

लेक : बाबा, चॅनलच्या नावाखाली दोन ओळी असतात ना माहितीच्या. त्या वाचल्यात तुम्ही?

वडील : मीच तर सांगितल्या होत्या तुला. ‘घरदुरुस्तीचा अनुभवी सल्ला. हार्डवेअरविषयी सर्व काही.’

लेक : मी बदलल्या त्या. वाचा.

वडील : कुठे दाबायचं? हं. ‘दररोज रात्री दहा वाजता. दिवा मालवा, आडवे व्हा. कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्यांची माहिती, संथ आवाजात. सहसा तिसऱ्या प्रकारापर्यंत झोप लागते.’

आई : चांगलं लिहिलंय की.

वडील : तू गप्प बस जरा. आडवे व्हा? म्हणजे हे साडेचार हजार लोक माझं ऐकून झोपतात?

लेक : हो.

वडील : झोपायला म्हणूनच येतात?

लेक : हो, बाबा.

वडील : आणि मी ऊर फुगवून काकाला दाखवून आलो! हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंत मला मायलेकींनी. त्यानं मला कंटाळवाणा म्हटलं, तेव्हा निदान चार भिंतींत म्हटलं. तू तर गावभर पाटी लावलीस. माझ्याच आवाजाखाली!

लेक : तसं नाही हो.

वडील : कसं नाही? बंद कर ते चॅनल. आत्ताच्या आत्ता.

आई : अहो, चिडू नका.

वडील : चिडलो नाहीये मी. लाज वाटतेय. लाज.

लेक : बाबा, मी काही ठरवून नाही केलं. सुरुवातीला भाग रात्री जायचे, कारण मला ऑफिसातून आल्यावरच वेळ मिळायचा. मग कुणीतरी बिजागरीचा भाग पुढे पाठवला, आणि एका आठवड्यात दोनशे माणसं आली. मला कळेचना, का आली ते. म्हणून मी एकदा सकाळी टाकून पाहिलं. कुणी ढुंकून बघितलं नाही. पुन्हा रात्री टाकलं, पुन्हा वाढली. मग मधल्या गिऱ्हाइकांच्या हाका कापल्या, आणखी वाढली. तुम्हाला म्हटलं, जरा हळू बोला...

वडील : मला वाटलं, उच्चार सुधारण्यासाठी म्हणतेस.

लेक : खरं कारण मला आपल्या दुकानाच्या नंबरवर आलेल्या मेसेजवरून कळलं. चॅनलवर उत्तर देता येत नाही, म्हणून लोकांनी नंबर शोधून काढला. सांगणार होते हो तुम्हाला. पण तुम्ही इतके खुशीत होतात, रोज दाढी करून रेकॉर्डिंगला बसत होतात. माझी जीभच रेटेना.

वडील : काय लिहितात?

लेक : वाचू?

वडील : वाच. आता तोंडावर पडलोच आहे तर पुरता पडतो.

लेक : ही एक नर्स आहे. ‘रात्रपाळी संपवून सकाळी घरी येते तेव्हा उजेडात झोप लागत नाही. आता तुमचा कालचा भाग लावते. अडसर आणि खिट्टी यांतला फरक अजून मला कळलेला नाही, त्याबद्दल आभार.’

आई : गुणाची आहे.

लेक : हे एक आजोबा आहेत. ‘बिजागरीचे सात प्रकार आहेत असं आपण म्हणता. मी तिसऱ्याच्या पुढे कधी गेलेलो नाही. पुढचे चार असतील तर असोत.’

वडील : असोत काय असोत! पाचवा तर ऐकायलाच हवा, स्प्रिंगचा. तो चुकला तर दार बोट चेचतं. कुठे म्हणाला, तिसऱ्याला?

लेक : तिसऱ्याला.

वडील : सगळेच तिसऱ्याला?

लेक : बहुतेक जण. काही जण दुसऱ्याला.

वडील : दुसरा म्हणजे ‘टी’च्या आकाराची. तिसरा म्हणजे लांब पट्टीची, पेटीच्या झाकणाला असते ती. थांब, तिसऱ्याला मी गंजाबद्दल बोलतो. गंजानं झोप येत असेल का?

आई : मला तर तुम्ही ‘मुख्यतः’ म्हणालात की येते.

वडील : तुझं वेगळं आहे. तू लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी नळाच्या चकतीबद्दल सांगत होतो तेव्हाच घोरायला लागलीस. पण ही अनोळखी माणसं आहेत. कुलपांच्या भागाला किती झोपले?

लेक : त्याला कमी. कुलूप म्हटलं की चोर आठवतात लोकांना, काळजी वाटते. एकीनं लिहिलं होतं, उठून दोनदा दार बघून आले.

वडील : बरोबर आहे. कुलूप नकोच. आणि स्क्रूचा भाग?

लेक : स्क्रू फार चांगला. आटे मोजता ना तुम्ही त्यात.

वडील : अस्सं! म्हणजे मोजणं चालतं, भीती चालत नाही. हसवणं?

लेक : मुळीच नाही. विनोद आला की माणूस पुढच्या विनोदाची वाट बघत जागा राहतो.

वडील : म्हणून हातोडा नको म्हणत होतीस.

लेक : हो.

वडील : हं. पण एक सांग. डोळे मिटलेले चेहरे येतात, ते झोपेतून कसे टाकतात लोक?

लेक : सकाळी उठून टाकतात.

वडील : म्हणजे उठल्यावर आठवण ठेवतात. गिऱ्हाइकं तर सुटे परत घेतानाही वर बघत नाहीत. आणखी वाच. तो खालचा काय आहे? तो सोडून पुढे का गेलीस?

लेक : तो जरा वेगळा आहे. नंतर दाखवते.

वडील : शिव्या घातल्यात?

लेक : नाही हो.

वडील : मग वाच. आज माझ्यापासून काही लपवायचं नाही.

लेक : ‘नमस्कार. मला तुमच्या भागानं झोप येत नाही. मी सातही प्रकार रोज ऐकते. तुम्ही बोलता तोवर घरात कुणीतरी आहे असं वाटतं. मग तुम्ही ‘तर मंडळी, आज इतकंच’ म्हणता आणि घर एकदम गप्प होतं. भाग थोडा लांबवता आला तर बघा. नाही जमलं तरी चालेल.’

आई : अरे देवा.

वडील : कोण आहे ही?

लेक : माहीत नाही. नाव नाही, फोटो नाही.

वडील : वय?

लेक : कसं कळणार?

वडील : एकटीच असेल का घरात? की माणसं असूनही एकटी? सातही ऐकते म्हणाली. पाचवा, सहावा, सगळे?

लेक : रोज, म्हणाली.

वडील : कधी आला हा?

लेक : झाले दोन-तीन आठवडे. वाचून दाखवला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं.

वडील : तिला वाटलं असेल, आपलं लिहिणं आवडलं नाही यांना.

आई : अहो, लेकीवर नका ओरडू आता.

वडील : ओरडत नाहीये. विचार करतोय. लांबव म्हणाली ती?

लेक : हो.

वडील : मला शाळेत मास्तर म्हणायचे, आवर. काका म्हणतो, आवर. तू जेवताना म्हणतेस, आवरा आता, भांडी पडलीत. कुणी लांबव म्हणून म्हटलेलं मला आठवत नाही.

आई : मी आता पुढे जाऊन भावजींना काय सांगू? उद्या काउंटरवर लावणार आहेत म्हणे.

वडील : काही सांगू नकोस. लावू दे त्याला जुनाच भाग. लावला की कळेल, डुलकी लागून स्टुलावरून पडला म्हणजे. जा, जाताना पडदा नीट ओढून घे, हातगाड्यांचा आवाज आत येतो. आणि तू, तो हातोडा पुसून टाक फोनमधून.

लेक : पुसला. मग आज काय घ्यायचं, बाबा?

वडील : बिजागरीच. पण सात झाल्यावर ‘आज इतकंच’ म्हणायचं नाही. जे झोपले ते झोपले, त्यांना काय कळतंय.

लेक : सातच्या पुढे काय बोलणार तुम्ही?

वडील : लिही तिला, काळजी करू नका म्हणावं. दारं संपली तरी खिडक्या आहेत.