निळ्यातले पाच गोंडे

दिशा : पाच, काकू. एकवीस गोंड्यांत पाच काळे. मोजून बघ.

गोजरबाई : मोजायचं काय त्यात? निळीचं पानी जास्त झालं आसंल. गडद उतरलं.

दिशा : गडद निळा वेगळा आणि काळा वेगळा. सुरेखाताईंनी श्रीरामपूरहून तोरण उगाच परत नाही पाठवलं. त्यांच्या पुतणीच्या रुखवतात मांडलं होतं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, लग्नाच्या तोरणात काळे गोंडे कुणी घातले?

गोजरबाई : आत्याबाईला बोलाया निमित्तच लागतं. जेवान कसं हुतं, ते न्हाई सांगितलं का कुनाला?

दिशा : हसण्यावारी नेऊ नकोस. रविवारी नगरचं तोरण द्यायचंय, तेही निळं-पिवळंच. चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मी एक गोंडा पुढे जाऊ देणार नाही.

गोजरबाई : चूक तुजी. सूत रंगवतं कोन? तू. मी निस्ते गोंडे बांधते.

दिशा : म्हणून तर तीन दिवस माझीच चूक शोधतेय. निळीचं भांडं नव्यानं लावलं. तीन लड्या गोदावरीच्या पाण्यात काढल्या, तीन बोअरच्या. वेळ कमी-जास्त करून पाहिली. सगळ्या निळ्याच निघाल्या. काळं होतं ते डाळिंबाच्या सालीनं आणि गुळात मुरवलेल्या लोखंडाच्या पाण्यानं, आणि ते पातेलं असतं मागच्या अंगणात. निळीतून काळी लडी निघूच शकत नाही.

गोजरबाई : मग वाळताना सरमिसळ झाली.

दिशा : वाळताना प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधलेली असते.

गोजरबाई : चिठ्ठी मला वाचता येती व्हय?

दिशा : नाही. आणि बोटांत अडकतात म्हणून तू त्या पहिल्यांदा काढून टाकतेस. मी कधी काही म्हटलं का? तुझी नजर माझ्या चिठ्ठ्यांपेक्षा पक्की होती. मी दोन वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा मला जो एकच पिवळा दिसायचा, त्यात तू चार वेगळे काढून दाखवले होतेस.

गोजरबाई : पाच. तुला पाचवा दिसलाच न्हाई.

दिशा : बरं, पाच.

गोजरबाई : मग आता एकडाव चुकले. मानूस हाय मी.

दिशा : एकदा नाही. वहीत पाहिलं मी. दिवाळीपासून हे चौथं. बाळाच्या कुंचीची झालर, चावीचे गोंडे, मग त्या पिशवीचे बंद. मी गुपचूप सोडून पुन्हा बांधले, तुला बोलले नाही. दिवाळीच्या आधी एकही चूक नाही. एकही. मग बघितलं, दिवाळीला मी काय बदललं होतं.

गोजरबाई : काय बदललं हुतं?

दिशा : सूत धुणं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, धाग्याला वास येतो. तेव्हापासून प्रत्येक लडी मी दोनदा रिठ्याच्या पाण्यात धुते.

गोजरबाई : ते बरंच केलं की. लई वास यायचा.

दिशा : ह्या दोन घे हातात. आज रंगवल्यात, धुतलेल्या नाहीत. निळी कुठली?

गोजरबाई : ही.

दिशा : बरोबर. नाकाला का लावलीस?

गोजरबाई : सवय.

दिशा : आता ह्या दोन. धुतलेल्या. ह्यातली निळी?

गोजरबाई : हितं उजेड कमी हाय.

दिशा : दारात चल.

गोजरबाई : गुडघा दुखतोय माजा.

दिशा : काकू.

गोजरबाई : ... डावी.

दिशा : आणि उजवी?

गोजरबाई : काळी. आनिक काय आसनार?

दिशा : दोन्ही निळ्या आहेत.

(गोजरबाई दोन्ही लड्या खाली ठेवते.)

गोजरबाई : फसवलंस व्हय गं मला?

दिशा : हो.

गोजरबाई : ह्येच शिकलीस एमेस्सीला?

दिशा : हेच शिकले. चुकले का मी?

गोजरबाई : न्हाई. ... निळीला ओल्या वैरनीवानी वास येतो. काळ्याला गुळाचा आन् गंजाचा. डोळ्याला दोन्ही सारखंच. दीड वरीस झालं. नाक हुतं तवर निभावलं.

दिशा : दीड वर्ष? आणि मला सांगितलं नाहीस?

गोजरबाई : सांगून? रंग तू काढती. फोन तू घेती. फोटू तू टाकती. लोकं म्हनत्यात, दिशाचं काम लई छान. मला एकच येत हुतं, कंचा रंग कशाशेजारी बसवायचा. तेबी गेलं म्हटल्यावर मी हितं कोन? चहा करनारी.

दिशा : असं कोण म्हणतं?

गोजरबाई : कुनी म्हनायच्या आदी आपुन वळखावं.

दिशा : ऐक. डोळ्यात एक भिंग असतं. वयानं ते पिवळं पडत जातं, धुरकटलेल्या कंदिलाच्या काचेसारखं. पिवळी काच निळा उजेड आत येऊ देत नाही. म्हणून निळं तेवढं काळं दिसतं, बाकीचे रंग चालून जातात. तुझी नजर कुठे गेलेली नाही, मधे काच आलीय. मोतीबिंदू असणार. काढता येतो.

गोजरबाई : शेजारच्या बनुबाईनं काढला. डोळा घालवून बसली.

दिशा : बनुमावशी चौथ्या दिवशी चुलीच्या धुरात बसली. थेंब घातलेच नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं.

गोजरबाई : मग चुलीफुडं कोन बसंल? तू? तुज्या भाकरीपरीस आंदळी झालेली बरी.

दिशा : पोळ्या करीन.

गोजरबाई : त्याबी बघितल्यात.

दिशा : पंधरा दिवस जेवशील कशाही. नगरला पुढच्या महिन्यात डोळ्यांचं शिबिर आहे. वही पाहून शंका आली तेव्हाच नाव देऊन आलेय तुझं.

गोजरबाई : माजं नाव? मला न इचारता?

दिशा : तू नाही म्हणाली असतीस.

गोजरबाई : म्हनले आस्ते. दोन डाव म्हनले आस्ते. तिसऱ्यांदी व्हय म्हनले आस्ते. ते माजं मला म्हनू द्यायचं हुतंस.

दिशा : ... चुकलं माझं. काढू का नाव?

गोजरबाई : ऱ्हाऊ दे आता. पर रविवारचं काय?

दिशा : तोरण तूच बांध. लड्या मी न धुताच देते. गोंडे बांधून झाले की धुऊ.

गोजरबाई : निळं का काळं, तेवढं नाक सांगंल. फिकं का गडद, ते नाकाला न्हाई कळत. फिक्या निळ्याला कंचा पिवळा द्यायचा ते बघावंच लागतं.

दिशा : मग मी शेजारी बसते. मी सांगत जाईन.

गोजरबाई : सांगशील. तुला सांगायची लई हौस. पर एक ध्यानात ठेव. मी इचारीन तवाच सांगायचं. इचारलं न्हाई तर सांगायचं न्हाई.

दिशा : बरं.

गोजरबाई : टोपली आन ती हिकडं. ... ही?

दिशा : निळी. फिकी.

गोजरबाई : आन् ही?

दिशा : तीही निळीच. पण जरा गडद आहे, तिला तो लिंबाच्या सालीसारखा पिवळा जास्त...

गोजरबाई : तेवढं न्हाई इचारलं.