माझ्या नावाचा हेल

दिनांक ११ एप्रिल १९८९

चौथीची मुले चालीवर कविता म्हणत, तेव्हा कडवे संपले की सगळी मिळून एकदम श्वास घेत. शाळा सुटून मला तेरा वर्षे झाली, पण तो आवाज कानातून गेलेला नाही. आज दुपारी तो पुन्हा ऐकला, आणि तेसुद्धा मी मेलेला म्हणून जमिनीवर पडलेलो असताना.

इथपर्यंत लिहिल्यावर हवालदार नथू यांनी कागद ओढून वाचला व ते म्हणाले, "मास्तर, जबाब हाय ह्यो. आधी नाव, वय, धंदा लिवा. कविता मागनं." नथू हे माझे जुने विद्यार्थी. माझे अक्षर बरे म्हणून त्यांनी लिहिणे माझ्याकडेच दिले आहे. सबब रीतीप्रमाणे पुन्हा सुरुवात करतो.

मी, साहेबराव गेणबा ओव्हाळ, वय ७१, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार रिहे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून लिहून देतो की, मी जिवंत आहे.

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा भिकाजी व त्याची मुलगी प्रभावती असे राहतो. प्रभावती पुण्यास अभिनयाची पदवी घेत आहे. अशी पदवी असते हे आमच्या गावाला अजून पटलेले नाही. "सोंगं काढायला कालेज?" असे भावकीतला भैरू पारावर म्हणत असतो. भिकाजीलाही ते मनापासून मान्य नव्हते. मीच हट्ट धरून तिला धाडली. तिथे नुसते संवाद पाठ करून चालत नाही. चालायचे कसे, श्वास कुठे घ्यायचा, गप्प कसे उभे राहायचे, सगळे शिकवतात. सुट्टीत ती सांगू लागली की मला रात्र पुरत नाही. आयुष्यभर मी मुलांना कविता म्हणायला शिकवली, पण श्वासाचाही अभ्यास असतो हे मला नातीने शिकवले.

उद्या सकाळी तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. आपल्या गावातले एक माणूस एकटीने उभे करून दाखवायचे. तिने मयतावर हेल काढून रडणारी बाई निवडली. शेजारच्या गोजराबाईंकडून ती हेलाची चालही शिकली. पण तिचे सर तिला म्हणाले होते, "तू रडतेस तेव्हा तुझं तुलाच ऐकू येतं." हे वाक्य ती सुट्टीभर उराशी घेऊन फिरत होती.

आज दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मोकळ्या भुईकडे बघून होत नाही. समोर कुणीतरी पाहिजे."

मी म्हणालो, "मग मी निजतो की! सत्तरीच्या पुढचा माणूस, मला कितीशी तयारी करायची आहे?"

ती हसली. मी पडवीत आडवा झालो. तिने माझ्यावर पांढरी चादर घातली व बजावले, "काही झालं तरी हलायचं नाही." मी कबूल केले. दार उघडेच होते, ते लावण्याचे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

तिने प्रथम तो श्वास घेतला. मग हेल सुरू झाला. पहिली दोन कडवी गोजराबाईंच्या चालीतली होती, ती मी ओळखली. नंतर शब्द बदलले. माझ्या डोक्याला तेल कोण लावील, माझी वेणी कोण घालील, शाळेतून आल्यावर मी कुणाला हाक मारू, असे ती म्हणू लागली. मी कधी कोणाची वेणी घातलेली नाही. प्रभावतीची आई ती सातवीत असताना वारली. त्या दिवशी प्रभावती रडली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मी हललो नाही. परीक्षा म्हणून नाही, मला हलता आले नाही.

या दिवसांत आमच्याकडे राब भाजायचे काम असते. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात. माणसे जवळच्याच वावरात होती. आमच्याकडे हेल ऐकू आला की हातातले काम टाकून त्या घराकडे धावायचे, हा शिरस्ता आहे. घर मास्तरांचे, म्हातारा एकच, आणि रडणारी पोर आईच्या वेळी न रडलेली. कोणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही.

पडवी भरली ते मी पावलांवरून ओळखले. गोजराबाईंनी प्रभावतीच्या गळ्यात पडून स्वतःचा हेल लावला. प्रभावतीस थांबता आले नाही, की ती थांबली नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणी म्हणाले, "सकाळी तर बंबाजवळ बसून कविता म्हनत हुतं म्हातारं." दुसरा म्हणाला, "लई मारायचा, पन शिकवायचा बी." एका बाईने माझ्या तोंडाला पाणी लावायला सांगितले. दुसरी म्हणाली, "आता काय उपेग."

त्यानंतर भिकाजी आला. त्याच्या अंगाला राखेचा वास होता. तो माझ्या पायाशी बसला. तो काय बोलला ते मी नीट ऐकले. त्याचा या तपासाशी संबंध नाही, म्हणून लिहीत नाही.

तेवढ्यात भैरू आपल्या बांबूच्या बेटातले दोन कळक तोडून, खांद्यावर घेऊन ओट्यावर चढला व मोठ्याने म्हणाला, "तिरडी हितंच बांधायची का अंगनात?" मला वाटले, आता उठलेच पाहिजे. मी चादर काढून उठून बसलो व "जयभीम" म्हणालो.

भैरू कळकांसकट ओट्यावरून मागे उडी मारून पडला. त्याचा पाय मुरगळला. बाकीच्यांचे काय झाले ते सांगण्याजोगे नाही. गोजराबाईंनी मला दोन शिव्या दिल्या, मग मांडीवर थापा मारीत हसत सुटल्या. भिकाजी माझ्या पायाशी बसला होता, तो उठला. मग प्रभावतीस म्हणाला, "पुरं झालं शिक्शन. उद्या कुटं जायाचं न्हाई." आणि राबाकडे निघून गेला.

भैरूने येथे तक्रार दिली की, मुलीने व म्हाताऱ्याने संगनमताने मेल्याची खोटी आवई उठवून मला जायबंदी केले. माझे म्हणणे, आवई कोणी उठवली नाही. नात अभ्यास करीत होती. पडून मी राहिलो, दोष असेल तर माझा. भैरूच्या पायाबद्दल मला वाईट वाटते. त्याने माझ्यासाठी एवढे चांगले कळक तोडले, हेही मी विसरणार नाही.

प्रभावती बाहेर बाकावर बसली आहे. नथू म्हणतात, तक्रारदार उद्या येणार, तेव्हा मुलीला सकाळी हजर राहावे लागेल. मी म्हणालो, "नथू, उद्या सकाळी परीक्षा आहे. ही हुकली तर पुढच्या परीक्षेपर्यंत वर्षभर तिचा बाप तिला तिथे ठेवणार नाही."

"मास्तर, माज्या हातात असतं तर आत्ता सोडली असती. भैरूनं मागं घेतली तरच."

माझी विनंती एवढीच की तिला आज जाऊ द्यावे. माझ्या वर्गातून हजारभर मुले गेली. पण श्वास घेऊन साऱ्या गावाला कामावरून उठवणारी ही पहिली.

हा मजकूर नथू मोठ्याने वाचत असताना, 'पुरं झालं शिक्शन' हे भिकाजीचे वाक्य आले तिथे ते थांबले व दाराकडे बघू लागले. दारात भिकाजी उभा होता. पाठकुळीला भैरू, त्याचा पाय फडक्यात बांधलेला. भिकाजीच्या दातात प्रभावतीच्या पिशवीचा बंद धरलेला. त्याने भैरूला खुर्चीत उतरवले व पिशवी हातात घेतली.

भैरू म्हणाला, "घ्या मागं माजी तक्रार. पन मास्तर, फुडच्या येळेला खरं मेल्याबिगर मी येनार न्हाई."

नथूंनी तसे नोंदवले. बाकीचे वाचून झाले. मी ऐकले, बरोबर आहे. सही करायला पेन उचलले तेव्हा भिकाजी दाराबाहेर प्रभावतीला म्हणत होता, "ऊठ, यष्टी लागलीया. म्या पोटचा आसून फसलो, मग त्ये परीक्षा घेनारे किती येळ टिकत्यात?"

(सही) सा. गे. ओव्हाळ