वज्रेश्वरी कृपा, पान पहिलं

उन्नती : नेटवर शोधलं की पहिल्या पानावर दहा नावं, बाबा. पाच लॉजची, दोन बसच्या वेळांची, दोन देवळाची माहिती देणारी. दहावं आपलं, 'वज्रेश्वरी कृपा'.

भाऊ : आपलं? मग पेढे आन की गो!

उन्नती : हे 'वज्रेश्वरी' शोधलं तर. 'भिवंडीत गाला भाड्याने' शोधून पाच पानं उलटली. आपण कुठेच नाही.

भाऊ : म्हनून ती बाई मना कुंडाचं इचारत होती.

उन्नती : कोणती बाई?

भाऊ : नाशिकची. गरम पान्याची कुंडं कधी उघडतात म्हने. मी बोललो, पहाटेच या, गर्दी नसते.

उन्नती : आणि गाल्यासाठी कुणी फोन केला तर?

भाऊ : एक होता. त्याला बी कुंडाचीच वेळ सांगितली. सवय लागली.

उन्नती : बाबा! एक तारखेला मला पुण्याच्या लॅबमध्ये हजर व्हायचंय. गोदामाचे तिन्ही गाले भाड्याने गेले की जा, हे तूच म्हणालास.

भाऊ : आजून बी म्हनतो. रिकामे गाले माझ्या गल्यात टाकून जाशील? तुझा भाऊस दीपेश तर गिऱ्हाईक दिसलं की अरे-तुरेवर येतो.

उन्नती : मग ऐक. नेटवर शोधून देणाऱ्या मशीनला ना देव कळतो, ना गाला. त्याला शब्द दिसतात. आपल्या साइटवर 'वज्रेश्वरी' अकरा वेळा आहे. 'गाला' एकदाही नाही.

भाऊ : साइट तूच लिवलीस ना? मग गाला न्हाय तर काय लिवलंस?

उन्नती : वेअरहाउसिंग सोल्युशन्स.

भाऊ : म्हंजे?

उन्नती : गाला.

भाऊ : मग तसं लिवायचं ना! हमालापासून शेठपर्यंत सगले गालाच बोलतात.

उन्नती : ती चूक माझी. अकरा वेळा देवी तुझी. मथळ्यातून नाव काढते.

भाऊ : हात लावायचा न्हाय. पह्यला गाला बांधला तवा तुझी आई अनवानी गेली होती देवीला.

उन्नती : बरं. आधी 'भिवंडीत गाला भाड्याने', मग आपला पत्ता, टेमघर. देवीचं नाव एकदाच, तळाला.

भाऊ : देवी तलाला?

उन्नती : गाल्याचा पाया कुठे असतो?

भाऊ : लय शिकलीस गो.

उन्नती : आणि फोन नंबर माझा टाकते. भाड्याच्या जाहिरातींच्या जेवढ्या साइट आहेत, तेवढ्यांवर तोच. सगळीकडे एकच पत्ता, एकच नंबर दिसला की मशीनचा आपल्यावर भरवसा बसतो.

(तीन आठवड्यांनी. टेमघरचं तेच ऑफिस. टेबलावर उन्नतीचा फोन वाजतो आहे.)

भाऊ : उचल की.

उन्नती : सकाळपासून तेच करतेय. आपले तिन्ही गेले, बाबा. काल शेवटचा करार झाला. मी बॅग भरलीय.

भाऊ : मग हे कोन?

उन्नती : गाला हवा असणारे. आपल्याकडे उरला नाही.

भाऊ : लडकूशेठकडं पाच हायत. पडघ्याला. मी त्याला शब्द दिलाय.

उन्नती : कसला शब्द?

भाऊ : माझी पोरगी भरून देईल.

उन्नती : मला न विचारता?

भाऊ : फोन तुलाच येतात ना? एवढे भरले की जा.

उन्नती : तू मागेही हेच म्हणाला होतास. मी नंबर बदलते. दीपेशचा टाकते.

भाऊ : टाक. सगलीकडं बदलंल?

उन्नती : आपल्या साइटवर आत्ता बदलेल. बाकीच्या सव्वीस ठिकाणी... काही जण महिना-महिना लावतात.

भाऊ : आन् तवर? काही ठिकानी तुझा, काही ठिकानी त्याचा?

उन्नती : हो.

भाऊ : मग तुझ्या मशीनचा भरवसा?

उन्नती : ...उडेल. खाली जाऊ.

भाऊ : मग कशाला बदलतेस?

उन्नती : पुण्याहून उचलेन फोन.

भाऊ : गाल्याचं शटर पन पुन्याहून उघडशील? लॅबवाल्यांना सांग, जरा थांबा.

उन्नती : एकदा थांबलेत ते, म्हणून तर ही एक तारीख. दुसऱ्यांदा थांबणार नाहीत.

भाऊ : बंद झाला बघ. परत वाजतोय. तोच असंल.

उन्नती : हॅलो... हां जी, भिवंडी. मिलेगा, पडघा में है... नहीं, मैं ही दिखाऊंगी... सोमवार? ...सोमवार को एक तारीख है। ...हां। आइए।

भाऊ : शाब्बास. कितवे हाव गो आज आपन?

उन्नती : पहिले.