वाघाच्या आधी नमस्कार

हसू नका, तुमच्या आईले झालं असतं मंग समजलं असतं. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मी एआयले एकच सूचना कायमची लिहून ठेवली होती. नळ बंद असो, लग्न असो का वाघ दिसो, बातमी टाकली का त्यानं मेसेज बनवून द्याचा. "भाषा आदराची ठेव, सुरुवात नमस्कारानं कर," असं मीच लिहिलं होतं.

एका सकाळी वनरक्षकाचा फोन आला, तलावाकडं वाघ आहे. मी मेसेज टाकला अन् मंग आठवलं, आई तिकडंच मोहफुलं वेचाले गेली! फोन लावून राह्यलो, ते उचलून नाई राह्यली. तसाच अनवाणी पळालो. तर ते टोपली घेऊन समोरून येऊन राह्यली.

"मेसेज नाई पाह्यला काय?"

"पाह्यला ना. 'आदरणीय ग्रामस्थहो, सस्नेह नमस्कार.' मले वाटलं, कोनाचं लग्न आहे. म्हटलं, घरी गेल्यावर वाचू. अन् फोन टोपलीत फुलांखाली टाकला."

घरी येताच सूचना बदलली: "नमस्कार नको. मुद्दा पहिल्याच ओळीत. एकटं जाऊ नका, लेकरं सोबत ठेवा, हे शेवटी लिहायचंच."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या भाऊच्या पोरीचं लग्न. घाईत त्याच सूचनेत बातमी टाकली, न वाचताच पाठवली: "रविवारी समाजभवनात लग्न आहे. कोणीही एकटे जाऊ नये. लहान मुलांना सोबत ठेवावे."

दुसऱ्या पंगतीलेच भात संपला. भाऊ झारा घेऊनच माह्यावर धावले, "वाघाचा मेसेज कोनी वाचत नाई, अन् हा साऱ्या गावानं पाळला!"