बुडबुडे थांबले म्हणून

देवासच्या बसस्टँडवर इरावतीबाई कन्नौदच्या बसची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं आणि हातातलं मासिक हातातच राहिलं.

"जयवंती, बुडबुडे परवापासून बंद आहेत. यीस्ट मेलं."

"अहो, बिअर आहे ती. माणूस गेल्यासारखं काय बोलता?"

"पाणी कढत झालं असेल माझं. पहिल्यांदाच केली ना. आता अंकुरला काय दाखवू? दोन वर्षांपूर्वी बिअरची बाटली पाहून त्याला घराबाहेर काढला मी."

"सकाळी चाखलीत ना? गोड लागली?"

"छे! गोडी बिलकुल नाही. कडसर."

"आणि वास?"

"पावासारखा."

"पहिल्या दिवशी तर काकवीसारखी गोड होती. मग ती साखर कोणी खाल्ली? यीस्टनंच ना? साखर संपली, म्हणून बुडबुडे थांबले."

"म्हणजे... झाली?"

"झाली. आता बापलेक मिळून बाटल्या भरा."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

इरावतीबाईंनीही नकळत श्वास सोडला.

धामनोदकडून आलेली बस थांबली. पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण उतरला आणि थेट म्हाताऱ्यांच्या पाया पडला.

"बाबा, जेवलात का?"

"आल्या आल्या हे काय रे, अंकुर?"

"आई फोनवर म्हणाली, यीस्ट मेलं म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत."

"जेवलो रे. थोडं कमी."