झेंड्याचा खांब

माझा रेडिओ बंद का पडला म्हणता? ऐका मग. दूरदूरच्या माणसांशी रेडिओवर बोलायचा मला लय शौक. रीतसर लायसन काढलं, पाथरीत अंगणात जुन्या बोअरच्या पाइपांचा उंच खांब उभा केला अन् वर अँटेना बांधली. केरळातल्या एका मास्तरांशी रोज सकाळी गप्पा व्हायच्या.

सणाला गल्लीतला बाळू आला. "काका, सणापुरता खांबावर झेंडा लावू का?"

म्हणलं, लाव की. शेजारधर्म हाय.

झेंडा चढवताना पोरांनी अँटेनाची तार तोडली. सण सरल्यावर खांब आडवा करून तार जोडावी म्हणून मी खांबाला बांधलेले ताणाचे दोर ढिले करायला लागलो, तर सगळी गल्ली जमा झाली.

"काका, झेंडा खाली पाडायलाव का?" बाळूनं विचारलं.

"अरे, तार जोडायलोय. लगेच परत उभा करतो, झेंड्यासकट."

"एकदा चढलेला झेंडा उतरत नसतो."

"मग तार कशी जोडू?"

"वर चढून जोडा की."

लोक हसले. साठी उलटलेला माणूस मी, त्या पाइपावर कुठं चढू? बायको दारातून म्हणली, "चला आत. इथंच राहायचंय आपल्याला."

पुढच्या सणाला मला मांडवात बोलावलं. बाळू माइकवर म्हणला, "काकांनी झेंड्यासाठी सोताच्या खर्चानं खांब उभा केला!" टाळ्या झाल्या, अंगावर शाल पडली. मग माइक माझ्या हातात दिला. "काका, दोन शब्द बोला."

मी एकच बोललो, "आभार." अन् खाली बसलो.