पाळण्यातलं पीठ

(दुपार. स्वयंपाकघराला लागून असलेली लहान खोली. सासरे पाळण्याची दोरी ओढत बसले आहेत, सून दारात.)

सासरे : शूऽऽ! पाय न वाजवता ये. आत्ता कुठे डोळा लागलाय.

सून : कुणाचा?

सासरे : कुणाचा म्हणजे? तुझ्या लेकाचा. मघापासून झुलवतोय. हात भरून आला, पण गाणं थांबवलं नाही मी.

सून : बाबा, बाळ माझ्या खांद्यावर आहे.

सासरे : काय?

सून : हा काय. गाढ झोपलाय. शेजारच्या आजींकडे होता, तिथून घेऊन आले.

सासरे : मला वाटलं, वाळलेले कपडे काढून आणलेस. मग इथे कोण आहे?

सून : पीठ.

सासरे : पीठ!

सून : पावाचं. भिजवून ठेवलंय. फुगायला ऊब लागते म्हणे, आणि या घरात ऊब म्हणजे चुलीच्या भिंतीला लागून हा पाळणा. ठेवलं भांडं त्यात आणि घातली वरून दुलई.

सासरे : अगं, मग सांगायचंस तरी! दोन कडवी म्हटली मी पिठाला. तिसरं आठवेना म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं.

सून : त्याची काही तक्रार नसेल.

सासरे : हस, हस. दुलईवरून हात ठेवला होता मी. मऊ, कोमट. हळूहळू वर येतंय असंही वाटलं. म्हटलं, लेकरू श्वास घेतंय.

सून : घेतच होतं की. बघू... अरे देवा! फुगून भांड्याबाहेर आलंय. दुलईला चिकटलं.

सासरे : बिघडलं?

सून : माहीत नाही. पहिलाच पाव आहे माझा. व्हिडिओतल्या बाई म्हणत होत्या, जास्त फुगलं तर घाबरू नका, पुन्हा मळा, पुन्हा थोडा वेळ ठेवा. त्यांना काय, त्यांच्याकडे गोरंपान ओव्हन आहे. माझ्याकडे जाड बुडाचं पातेलं.

सासरे : पण एवढा घाट कशाला? पाव विकत मिळतो.

सून : विकतच्या पावाला हल्ली सोन्याचा मुलामा असतो बहुतेक. शिवाय त्यात निम्मी हवाच. पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट, एवढ्यात होतो म्हणतात. ना लोणी, ना अंडं. सोमवारपासून मी कामावर जाणार, तुम्हाला दुपारी चावायला मऊ काहीतरी असावं म्हणून.

सासरे : माझ्या दातांची एवढी काळजी!

सून : दातांची नाही आता. बाबा, तुम्ही जरा इकडे बघता?

सासरे : बघतोच आहे.

सून : माझ्या हातात काय आहे?

सासरे : बाळ. आत्ताच तर सांगितलंस.

सून : दुसऱ्या हातात.

सासरे : मला काय शाळेत घातलंस? पीठ मळ ते, वाळेल.

सून : मळते. बाळाला आत ठेवून येते, मग मळते. पण विषय तिथेच ठेवून जाते हं, उचलून कुठे नेऊ नका.

सासरे : जा, जा.

सून : आले. आता सांगा. चार हातांवर उभ्या बाईच्या खांद्यावरचं मूल तुम्हाला कपडे वाटलं.

सासरे : उजेड डोळ्यावर येत होता.

सून : खिडकी तुमच्या मागे आहे.

सासरे : वकिलीण व्हायचं सोडून पुस्तकबांधणीत कशाला चाललीस गं तू?

सून : आणि परवा शेजारच्या आजींना जिन्यात ‘काय दादा, बरं आहे ना’ म्हणालात. आम्ही दोघं नवराबायको हसलो. मला वाटलं, थट्टा केलीत.

सासरे : त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता.

सून : बाबा.

सासरे : जरा धूसर झालंय. वयाचं आहे. काच पुसायची राहून गेल्यासारखं. तेवढंच.

सून : कधीपासून?

सासरे : हे बघ, पीठ हाताला चिकटतंय तुझ्या. आवाज येतोय. थोडं कोरडं पीठ भुरभुरव.

सून : काल संध्याकाळी तुम्ही बाळाला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला होतात.

सासरे : गेलो. रोजच जातो. त्याला आवडतं.

सून : रस्ता ओलांडून.

सासरे : जन्मभर बस चालवली मी. भर बाजारातून. कुणाला ओरखडा नाही. गाडी कुठून येते, किती जोरात येते, नुसत्या कानाने सांगतो.

सून : सायकल वाजत नाही, बाबा. मी रागावले नाहीये. म्हणजे रागावलेय. माझं तोंड बघा कसं झालंय... नाही, ते तुम्हाला कसं दिसणार.

सासरे : लागेल असं बोलू नकोस.

सून : चुकलं.

सासरे : चुकलं नाही. लागलं, एवढंच म्हणालो. दे ते इकडे, निम्मं पीठ दे. दोघं मिळून मळू. नुसतं बसून ऐकवत नाही.

सून : घ्या. तळहाताने पुढे ढकलायचं, दुमडायचं, पुन्हा ढकलायचं. जोर लावा, ते रडत नाही.

सासरे : हे जमतंय. अवघड गिअर असायचा आमच्या जुन्या गाडीला, त्यापेक्षा मऊच.

सून : डॉक्टरांना का नाही दाखवलंत?

सासरे : दाखवलं की ते म्हणणार, मोतीबिंदू. मग म्हणणार, ऑपरेशन. आमच्या डेपोत एक कंडक्टर होता. ऑपरेशन झालं, पट्टी सोडली आणि म्हणाला, दिवा का नाही लावला? भर दुपारी. मी त्याच्या उशाशी होतो.

सून : त्यांचं काहीतरी वेगळं असेल. सगळ्यांचं तसं होत नाही. माझ्या मावशीचं झालं, ती आता सुईत दोरा ओवते आणि इतरांच्या सुनांच्या चुका काढते.

सासरे : म्हणजे फायदा कुणाचा झाला?

सून : हसवू नका. पुढे सांगा. एवढंच नाही कारण.

सासरे : तू नोकरी धरलीस, तेव्हा तुझ्या नवऱ्याने मला विचारलं, बाबा, सांभाळाल ना दिवसभर? ही खोली मला राहायला रिकामी करून दिलीत तुम्ही. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं गं. जेवलात का, एवढंच विचारतात. मी ‘हो’ म्हणालो. त्या क्षणी मला डोळे आठवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आठवले, तेव्हा तुझी जागा पक्की झाली होती.

सून : मग?

सासरे : मग वाटलं, निभावून नेऊ. कान आहेत, हात आहेत. त्याचं कुशीवर वळणं, त्याचा वास, सगळं पाठ आहे. डोळे मिटून सांभाळीन.

सून : आणि आज?

सासरे : आज पिठाला अंगाई म्हटली. तुझं मळणं थांबलं का गं?

सून : झालं मळून. आता डब्याला तेल लावते, गोळा आत ठेवते, थोडा फुगू देते. बाबा, सोमवारी मी कामावर जात नाही.

सासरे : असं नको करू.

सून : तुम्हाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते.

सासरे : तुझ्या कामावरच्या मुकादमीणबाई जागा धरून ठेवतील?

सून : माहीत नाही. विचारीन. नाही ठेवली तर नाही.

सासरे : इतके महिने वाट बघितलीस. रात्री बाळाला घेऊन फेऱ्या घालताना आपल्याशीच बोलायचीस, पुन्हा चार माणसांत जाईन, पुन्हा डिंकाचा वास येईल म्हणून. भिंत पातळ आहे या घरची.

सून : ऐकता तुम्ही!

सासरे : कान शाबूत आहेत म्हटलं ना. म्हणून म्हणतो, आपल्या दोघांतच राहू दे. तू जा कामावर. मी घराबाहेर पडणार नाही, दाराला आतून कडी. महिनाभर निघू दे, मग बघू. तुझ्या नवऱ्याला कशाला सांगायचं?

सून : बाळ गिळण्यासारखं काही उचलून तोंडात घालेल. ते वाजतं?

सासरे : नाही.

सून : मग मी तिथे बसून पुस्तकं शिवायची आणि दर टाक्याला हाच विचार करायचा? मला जायचंय, बाबा. खूप जायचंय. तुम्ही भिंतीतून ऐकलंत त्यापेक्षा जास्त. पण असं नाही.

सासरे : त्याला कळलं, तर तो मला त्याच्या ताईकडे पाठवेल. तिथे मोठं घर आहे, जिना नाही. काळजीनेच पाठवेल. काळजीने पाठवलेल्या माणसाला भांडताही येत नाही.

सून : मी भांडेन.

सासरे : तू?

सून : मला काय, सून आहे. भांडायचा परवानाच आहे. चला ओट्याजवळ, गोळा बरा फुगलाय. पातेलं तापलंय. तळाला कडं, कड्यावर डबा, वर घट्ट झाकण. आता उघडायचं नाही. त्या बाई म्हणाल्या, धीर धरा.

सासरे : त्यांना सांग, इथे येऊन धरा.

सून : वास येतोय हळूहळू.

सासरे : छान येतोय. खरपूस.

सून : जरा जास्तच खरपूस! बाजूला व्हा, बाबा. हात लावू नका, पातेलं लाल झालंय.

सासरे : काढलास? कसा दिसतो?

सून : सांगू? एका बाजूने काळा. मधे बसलाय. डाव्या अंगाला कुबड. त्या बाईंनी बघितला तर चॅनेल बंद करतील.

सासरे : ‘छान झालाय’ म्हणाली असतीस, तरी मला कळलं नसतं.

सून : म्हणूनच नाही म्हणाले.

सासरे : दे इकडे, चाखून बघतो.

सून : थोडा निवला. हे घ्या, काळं काढून दिलंय.

सासरे : हं. आतून चांगला आहे की. मीठ बरोबर. पाव आहे हा, सूनबाई. कुबडा असला तरी पाव आहे.

सून : पुढच्या वेळी आच कमी ठेवेन.

सासरे : पोरी, उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही मला. धूसर म्हणालो, तो डावा. रडू नकोस. नाक ओढलंस, ऐकू आलं. फोन लाव तुझ्या नवऱ्याला. मीच सांगतो.

सून : आत्ता कामात असतील. संध्याकाळी येतीलच की.

सासरे : संध्याकाळपर्यंत माझा धीर टिकायचा नाही. आत्ता लाव.

सून : लावला. वाजतोय. घ्या.

सासरे : तू कुठे निघालीस?

सून : आत जाते. तुम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून.

सासरे : नको. इथेच बस. जरा जवळ.